मोठ्या बाबांची फाईल आणि ४९ रकाने

आमच्या मोठ्या बाबांची फाईल म्हणजे खरं तर फाईल नाहीच. खामगावच्या एका कापड दुकानाची पिशवी आहे. तिच्यात सोनोग्राफीचे रिपोर्ट, सीटी स्कॅनची ती भली मोठी काळी फिल्म, रक्ताच्या तपासण्या, मेडिकलची बिलं, एसटीची तिकिटं आणि रेशन कार्डाच्या डझनभर झेरॉक्स. आधी खामगाव, मग अकोला, मग छत्रपती संभाजीनगर आणि शेवटी मुंबई. पिशवी प्रत्येक ठिकाणी सोबत गेली आणि प्रत्येक ठिकाणी थोडी जाड होऊन परत आली. बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, ज्या घरात मोठं आजारपण येऊन गेलंय त्या घरात अशी एक पिशवी असतेच. बहुतेक वेळा देवघराच्या खाली किंवा कपाटावर.

मोठ्या बाबांना लिव्हरचा कॅन्सर होता. ते गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलत भाऊ, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फायनल इयर प्रोजेक्टचा विषय त्यानं काय घ्यावा? ‘मशीन लर्निंग वापरून यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या जगण्याचा अंदाज.’ गाईडनं दिलेल्या यादीत सतरा विषय होते. पिकांवरचा रोग ओळखणं होतं, ट्रॅफिक होतं, शेअर बाजार तर असतोच. यानं हाच उचलला. का, ते मी विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा तो रात्री अंगणात लॅपटॉप घेऊन बसला होता आणि बाजूला ती पिशवी उघडी होती. मी बसले त्याच्या शेजारी. पुढचे तीन तास आम्ही मोठ्या बाबांना एका तक्त्यात भरत होतो.

पोर्तुगालचे १६५ जण

आधी हा तक्ता काय आहे ते सांगते. पोर्तुगालमध्ये कोइंब्रा नावाचं जुनं विद्यापीठाचं शहर आहे. तिथल्या हॉस्पिटलमध्ये लिव्हर कॅन्सरचं निदान झालेल्या १६५ रुग्णांची माहिती तिथल्या संशोधकांनी गोळा केली आणि २०१५ मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नावं-पत्ते काढून टाकलेला तो डेटा पुढे सगळ्यांसाठी खुला झाला. त्यामुळे आज जगभरातले विद्यार्थी लिव्हर कॅन्सरवर प्रोजेक्ट करायचं म्हटलं की याच १६५ जणांकडे येतात. शेगावचे, पुण्याचे, सगळेच.

प्रत्येक रुग्णाची एक ओळ. प्रत्येक ओळीत ४९ रकाने. वय, दारू, सिगारेट, मधुमेह, हिपॅटायटिस बी आणि सी, सिऱ्हॉसिस आहे का, पोटात पाणी किती, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्लेटलेट, गाठी किती, सगळ्यात मोठी गाठ किती सेंटिमीटरची. आणि या ४९ नंतर एक शेवटचा रकाना. त्यात फक्त दोनच उत्तरं. एक वर्षानंतर माणूस जिवंत असेल तर १, नसेल तर ०. त्या १६५ पैकी १०२ जणांपुढे १ आहे, ६३ जणांपुढे ०.

मशीन शिकतं म्हणजे काय, तर या ४९ आकड्यांचा त्या शेवटच्या आकड्याशी काय संबंध आहे ते शोधतं. अल्ब्युमिन कमी आणि पोटात पाणी जास्त असलेल्यांपुढे ० जास्त वेळा दिसतो का? गाठ मोठी पण लिव्हर बाकी धडधाकट, अशांचं काय होतं? हे सगळं एकदम तपासून ते एक सूत्र बसवतं. मग नवा रुग्ण आला, त्याचे आकडे टाकले की ते उत्तर देतं.

यात अगदीच नवं असं काही नाही हेही सांगायला हवं. डॉक्टर हे काम कागदावर कधीपासून करतात. चाइल्ड-प्यू नावाचा एक स्कोअर आहे, त्याचं आजचं रूप १९७३ चं. त्यात फक्त पाच गोष्टी बघतात : बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटातलं पाणी आणि डोक्यावर झालेला परिणाम, म्हणजे रुग्णाचा गोंधळ किंवा गुंगी. प्रत्येकाला १ ते ३ गुण. बेरीज ५ ते ६ आली तर ए, ७ ते ९ बी, १० किंवा त्याहून जास्त सी. मोठ्या बाबांच्या एका कागदावर पेनानं ‘बी-८’ लिहिलेलं आहे. आम्हाला तेव्हा वाटलं होतं बेडचा नंबर असेल.

फरक इतकाच की डॉक्टरांच्या स्कोअरमध्ये पाच गोष्टी आहेत आणि मशीन ४९ घेऊ शकतं, ४९० पण घेऊ शकतं. घेऊ शकतं, पण मिळाल्या तर.

आठ

या डेटासेटमधला मला सगळ्यात आवडलेला आकडा ८ आहे. १६५ पैकी सगळेच्या सगळे रकाने भरलेले रुग्ण फक्त ८. युरोपातल्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलात ही स्थिती! लोह, फेरिटिन, रक्तातला ऑक्सिजन हे रकाने तर जवळपास निम्म्या रुग्णांचे रिकामे आहेत. एकूण बघितलं तर दर दहा खणांतला एक कोरा.

कोऱ्या खणाचं काय करायचं? एक मार्ग म्हणजे ज्यांचे भरलेले नाहीत त्यांना काढून टाका. मग उरतात आठ जण, त्यांच्यावर काय शिकणार? म्हणून संशोधकांनी दुसरा मार्ग घेतला. ज्याचा खण कोरा आहे त्याच्यासारखाच दुसरा रुग्ण शोधायचा आणि त्याची किंमत उचलून इथे ठेवायची. थोडक्यात, शेजाऱ्याचा रिपोर्ट पाहून आपला भरायचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण ही मान्य पद्धत आहे.

दुसरी अडचण १०२ आणि ६३ ची. जगलेले जास्त, गेलेले कमी, त्यामुळे मशीन आळशी बनतं. सगळ्यांना ‘जगेल’ म्हटलं तरी ते १६५ पैकी १०२ वेळा बरोबर, म्हणजे ६२ टक्के मार्क फुकट. यावर उपाय म्हणून गेलेल्या रुग्णांच्या आकड्यांच्या अधेमधे बसतील असे काही कृत्रिम रुग्ण संगणकावर तयार करतात. कधीच नसलेली माणसं, कधीच न झालेल्या तपासण्या. कोइंब्राच्या संशोधकांनी हे नीट गट पाडून केलं आणि त्यांची अचूकता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणाच्या प्रोजेक्टच्या पीपीटीवर याच डेटावर ‘अचूकता ९६ टक्के’ दिसलं तर टाळ्या वाजवण्याआधी एक प्रश्न विचारा. कृत्रिम रुग्ण आधी बनवले की परीक्षेचे रुग्ण आधी बाजूला काढले? आधी बनवले असतील तर परीक्षेला बसलेल्यांच्या सावल्या अभ्यासाच्या पुस्तकातच आल्या, म्हणजे पेपर फुटला. भावानं पहिल्यांदा हेच केलं होतं. त्याला ९४ टक्के आले होते. चूक लक्षात आल्यावर ७१ वर आला. दोन दिवस जेवला नाही नीट, असं मोठी आई सांगते. मोठी आई म्हणजे मोठ्या बाबांची बायको. आमच्याकडे काका-काकू नाही म्हणत.

आपला माणूस त्यांच्या तक्त्यात

आता त्या रात्रीचं. पिशवीतला एकेक कागद मी वाचायचा आणि त्यानं टाईप करायचं.

वय, ५८. सोपं होतं. हिपॅटायटिस बी, होय. दारू दिवसाला किती ग्रॅम? शून्य. मोठे बाबा माळकरी होते, त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. पण लिव्हरचं दुखणं म्हटलं की गावानं काय समजायचं ते समजून घेतलं होतं. समोर कुणी बोललं नाही, पण मोठ्या आईला ते आजही लागून आहे. (ज्यांना आपला हिशेब करायचा आहे त्यांच्यासाठी : १८० मिलीची क्वार्टर, ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे साधारण ६० ग्रॅम.)

पुढचा रकाना, सिगारेटची पाकिटं. पुन्हा शून्य. पण तंबाखू-चुना तीस वर्षं होता, त्याला रकाना नाही. मग एक रकाना आला, ‘हिपॅटायटिसचा प्रादुर्भाव असलेल्या देशातला आहे का’. पोर्तुगालमधून बघताना हा प्रश्न बरोबरच आहे. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. ‘आपण काय लिहायचं? सगळा जिल्हाच १?’

असं करत ४९ पैकी ३१ भरले. बाकीचे १८ कोरे राहिले. काही तपासण्या झाल्याच नव्हत्या, काही झाल्या होत्या पण कागद एका हॉस्पिटलानं ठेवून घेतला होता, आणि एका रिपोर्टवर वरणाचा डाग पडून आकडा गेला होता. कोऱ्या जागी मॉडेलनं पोर्तुगालच्या कुणा शेजाऱ्याचे आकडे भरले. भावानं बटण दाबलं.

शून्य.

तेवढ्यात मोठी आई बाहेर आली. ‘काय पाहून रायले रे एवढ्या रातच्याला?’ भावानं सांगितलं, बाबाचे रिपोर्ट मशीनमध्ये टाकलेत. ‘मंग काय म्हणते ते?’ ‘वरीस निघत नाई म्हणते.’ ती जरा वेळ उभी राहिली. ‘ते त आपल्याले मालूमच हाय,’ म्हणाली आणि आत गेली.

मॉडेल बरोबर होतं. मोठे बाबा वर्षाच्या आत गेले. पण किती आत? निदान झालं तेव्हा एका डॉक्टरांनी बाहेर बोलावून तीन-चार महिने सांगितले होते. त्या एका वाक्यावर आमच्या घरात काय काय झालं! ताईचं लग्न उन्हाळ्यात होतं ते पंधरा दिवसांत लावलं. भाव नसताना कापूस विकला. मुंबईला पुन्हा न्यायचं की नाही यावर भावाभावांत बोलणं बंद झालं. आणि मोठे बाबा जगले अकरा महिने. लग्नात बसले, शेगावला दर्शनाला गेले, सोयाबीनची सोंगणी बांधावर खुर्ची टाकून बघितली.

मॉडेलच्या तक्त्यात अकरा महिने जगलेला माणूस आणि अकरा दिवसांत गेलेला माणूस सारखाच. दोघांपुढे ०. आणि तेरा महिने जगलेल्यापुढे १. आकडेवारीच्या अभ्यासात यावर उत्तर जुनं आहे. १९५८ मध्ये कॅप्लन आणि मायर या दोघांनी असा आलेख काढायची रीत दिली की ‘हो-नाही’ऐवजी ‘किती दिवस’ मोजता येतं आणि ज्यांचा पाठपुरावा मध्येच तुटला त्यांचाही तोवरचा हिशेब धरता येतो. पण त्यासाठी माणूस गेला त्या दिवसाची तारीख कुणीतरी लिहिलेली लागते. त्या तारखेकडे मी परत येते.

त्याआधी आणखी एक रकाना जो त्या ४९ मध्ये नाही : उपचार. रुग्णाला काय दिलं, शस्त्रक्रिया झाली का, गोळ्या मिळाल्या का, यातलं काहीच त्या तक्त्यात नाही, कारण तो निदानाच्या वेळचा फोटो आहे. आपल्याकडे तर याच्या मागे अजून एक रकाना लागेल, पैशाचा. लिव्हर कॅन्सरवरची सोराफेनिब नावाची गोळी बायर कंपनी भारतात महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकायची. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतल्या पेटंट कार्यालयानं हैदराबादच्या नॅटको कंपनीला तीच गोळी बनवायचा सक्तीचा परवाना दिला. देशातला हा पहिलाच. किंमत आली महिन्याला ८ हजार ८०० च्या आसपास. मोठ्या बाबांच्या पिशवीत त्या गोळीची बिलं आहेत, स्वस्त झालेल्या प्रकारातली. त्या रात्री २ लाख ८० हजारांचा आकडा मी भावाला वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, ‘मग अकरा महिने नसते.’ औषधानं किती दिवस वाढले ते त्याला माहीत नाही, मलाही नाही. पण विकायला मग कापूस पुरला नसता, शेत लागलं असतं, एवढं नक्की.

बार्शीची माणसं

मी मास कॉमची विद्यार्थिनी. कोडिंग मला येत नाही. माझा प्रश्न साधा होता : आपल्याकडचा डेटा का नाही? महाराष्ट्रात कॅन्सरच्या नोंदी ठेवायला सुरुवात झाली ती १९६३ मध्ये मुंबईत, देशातली पहिलीच. आयसीएमआरच्या २०२० च्या राष्ट्रीय अहवालात महाराष्ट्रातल्या मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड इथल्या नोंदण्या आहेत. बुलढाणा नाही. आपला रुग्ण मुंबईत उपचार घेतो, पण तो मुंबईचा रहिवासी नाही म्हणून तिथल्या लोकसंख्येच्या नोंदणीत बसत नाही. आणि इथे नोंदणीच नाही.

या यादीत बार्शी वाचून मी थांबले. सोलापूर जिल्ह्यातला एक तालुका मुंबई-पुण्याच्या रांगेत कसा? तर १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, टाटा मेमोरियल आणि आयसीएमआरच्या मदतीनं. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. शहरातली नोंदणी हॉस्पिटलांचे कागद गोळा करून चालते. पण या गावांतली माणसं हॉस्पिटलपर्यंत जातच नव्हती, मग कागद कुठून येणार? म्हणून तिथल्या कार्यकर्त्यांनी उलटं केलं. ते गावोगाव फिरले, बैठका घेतल्या, कुणाला गाठ आहे, कुणाच्या अंगावरून जातंय, कोण अचानक वाळत चाललंय, असं विचारत राहिले आणि अशा लोकांना तपासणीला यायला लावलं. निदान झाल्यावरही विसरले नाहीत. माणूस आहे की गेला, हे घरी जाऊन विचारत राहिले.

यातून एक गोष्ट घडली जी कुणी नुसत्या नोंदीकडून मागितली नसती. काही वर्षांत त्या भागात गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडायला लागला. १९९५ मध्ये हे शोधनिबंधातून मांडलं गेलं. विचारणारा माणूस दारात येत होता म्हणून बायका लवकर बोलायला लागल्या.

आपल्या जिल्ह्यालाही असं दारोदार फिरणं अनोळखी नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळायला लागले तेव्हा आयसीएमआरची पथकं येऊन पाणी, रक्त, केस असे नमुने घेऊन गेली. टीव्हीवाले पण आले. लिव्हर कॅन्सर असा एकदम गावभर दिसत नाही. एकेका घरात दिसतो, तोही उशिरा.

अंदाज वर्तवायचाच असेल तर तो लवकर वर्तवावा, असं मला वाटतं. शेवटच्या टप्प्यावरच्या माणसाला ० की १ सांगण्यात घरच्यांच्या पदरात फार काही पडत नाही, हे आम्ही बघितलंय. पण मोठ्या बाबांचं हिपॅटायटिस बी कळल्यावर डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला लावली आणि आमच्यातल्या एकाची पॉझिटिव्ह आली. आता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते, औषध चालू आहे. हा विषाणू एका ताटात जेवल्यानं पसरत नाही. रक्तातून, वापरलेल्या सुईतून, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. यावर लस आहे, पण सरकारी लसीकरणात ती देशभर पोहोचेपर्यंत २०११ साल उजाडलं. म्हणजे २००३ च्या आसपास जन्मलेल्या माझ्यासारख्या अनेकांना ती लहानपणी मिळाली असेलच असं नाही. घरी लसीचं कार्ड शोधा. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बुलढाण्यात २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे, तिथे शिकणारी मुलं आपल्याच वयाची. अशा घरांतल्या लोकांमध्ये पुढे कुणाला धोका जास्त, हे मशीन सांगू शकलं तर मला ते हवंय. त्यासाठी त्याला इथली माणसं दिसली पाहिजेत.

आता ती तारीख. मोठ्या बाबांवर जिथे शेवटचे उपचार झाले त्या हॉस्पिटलातून नंतर कधीच कुणाचा फोन आला नाही. नाव नाही घेत, कारण असं तिथेच होतं असं नाही. त्यांच्या संगणकात मोठे बाबा अजून ‘पुढील तारखेस आले नाहीत’ असेच असणार. उद्या तिथल्या नोंदींवर कुणी मॉडेल बनवलं तर शेवटच्या रकान्यात त्यांचं काय होईल? कदाचित ओळच काढून टाकतील. कदाचित शेवटच्या भेटीपर्यंत जिवंत म्हणून धरतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावानं नवी फाईल उघडली. पोर्तुगालचे ४९ रकाने तसेच ठेवले, वर आपले चार जोडले : तंबाखू, उपचार, घरापासून हॉस्पिटलचं अंतर, आणि निदानापासून किती दिवस. फाईलला नाव दिलं बुलढाणा. त्यात सध्या एकच ओळ आहे.

दिवस मोजायला दोन तारखा लागतात. निदानाची बायोप्सीच्या कागदावर होती. दुसरी त्याला माहीत होती, तरी त्यानं मोठ्या आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. तिनं इंग्रजी तारीख नाही सांगितली, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवार होता, असं सांगितलं. त्यानं कालनिर्णय बघून टाईप केलं. मग तिनं हात धुतले, पिशवी उचलली आणि त्याला म्हणाली, ‘पाहिजे तेवढे झेरॉक्स काढ. पण हे असली कागदं मले वापस दे.’